कोयरीवरचा राघू

"पोरी, आईला सांग, हिला आंबट लावू नका म्हनावं. चिंच नाय, लिंबू नाय, आमसूल नाय. कोमट पानी आन मऊ फडकं, बास. सांगशील ना गं?"

आवाज अंगणातून आला होता, तुळशीच्या अलीकडून. छाया तेव्हा अकरा वर्षांची होती आणि ओटीवरच्या मेढीला एका हाताने धरून गोल गोल फिरत होती. फिरता फिरताच ती म्हणाली होती, "हो."

त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. मेढ गेली, ओटी गेली, तिथे आता भावाचं स्लॅबचं घर आहे. आवाज मात्र गेला नाही. चिंच कोळताना हमखास यायचा. आमटीत आमसूल टाकताना कधी यायचा, कधी नाही.

आवाज काळूरामचा होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. मुंबईच्या एका कारखान्यात बारा वर्षं मीनाकाम करून तो नांदगुळ्याला परतला होता. मीनाकाम म्हणजे काय, हे गावाला तो येईपर्यंत माहीत नव्हतं. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी खोदायची, खोदलेल्या जागी रंगीत काचेची पूड पाण्यात कालवून भरायची आणि भट्टीत घालायची. पूड वितळते, थंड झाली की धातूला धरून बसते. "म्हंजे काच पिकवतोस," असं म्हातारा कोंडाजी म्हणाला होता. काळूरामला ते आवडलं होतं. हो, काच पिकवतो. घराच्या मागं छप्पर घालून त्यानं भट्टी बांधली. इथंच राहायचं, इथंच काम करायचं, असा त्याचा बेत होता.

गावच्या बायकांनी त्याला पहिलं काम दिलं. लग्नात मांडवदारी हळदीकुंकवासाठी फिरवायला एक कोयरी. छायाच्या आईनं, येसूबाईनं, बूड गेलेलं घंगाळ काढून दिलं. त्याचाच पत्रा कापून काळूरामनं आंब्याच्या कोयीसारखी बाकदार डबी घडवली. झाकणावर राघू बसवला. पंख हिरवे, चोच लाल, गळ्यात बारीक निळा गोफ आणि डोळ्याच्या जागी कोंदणात लाल खडा. पंखांच्या हिरव्यात तीन छटा होत्या. मानेपाशी कोवळा, पाठीवर भाताच्या रोपाचा, शेपटीला गर्द. उन्हात धरली की हिरव्याच्या तळाशी तांबं चमकायचं, उथळ पाण्याखाली वाळू चमकते तसं.

ज्या दिवशी तो कोयरी घेऊन आला त्या दिवशी येसूबाई शेतावर होती. तो अंगणात उभा राहिला. तो तिथवरच यायचा. त्याला वर ये असं कुणी म्हटलेलं नव्हतं. येसूबाईची वाट बघायला बसण्यासारखी जागा त्याला त्या अंगणात नव्हती. म्हणून त्यानं कोयरी फडक्यासकट ओटीच्या कडेला ठेवली, निरोप पोरीजवळ दिला आणि गेला.

पोरगी करवंदांना गेली. संध्याकाळी आई आली, कोयरी बघून हरखली, आळीतल्या बायका गोळा झाल्या. त्या गलक्यात निरोप राहिला. दुसऱ्या दिवशी छायाला आठवला तेव्हा आई वैरण कापत होती. तिसऱ्या दिवशी तो तितका महत्त्वाचा वाटला नाही.

त्या वर्षी प्रत्येक लग्नात कोयरी फिरली. ज्या घरी लग्न, त्या घरी ती जायची, आणि परत येताना तिच्यात मूठभर तांदूळ असायचे. रिकामी परतवायची नाही अशी रीत बायकांनी आपसांत पाडून घेतली होती. मांडवात ओवी उठायची:

*तांब्याच्या कोयरीवं गं हिरवा राघू बसला*
*कुकवाच्या बोटाला गं माझा मांडव हासला*

वर्षभरात कोयरीचं बूड काळवंडलं. तिथं नुसतं तांबंच होतं. तेलकट हात, हळद, कुंकू. लग्नसराई तोंडावर आली तशी येसूबाईनं परातीत चिंच कोळली, हंडे-कळशांबरोबर कोयरीही त्यात घातली. बूड चांगलं निघावं म्हणून ती सकाळी घातलेली दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवली.

छायानं ती परातीत बुडालेली बघितली. तेव्हा तिला आवाज ऐकू आला, अगदी काल आल्यासारखा. ती परातीजवळ उभी राहिली. आता सांगावं तर 'वर्षभर काय तोंड शिवलं व्हतं?' असं आई विचारणार. येसूबाईचा हात चालायचा. छाया परातीजवळून निघाली आणि शेळी सोडायला गेली.

दुसऱ्या दिवशी बूड आरशासारखं निघालं. राघू पांढुरका झाला होता. पेजेवरची साय धरावी तशी पंखांवर साय धरली होती, आणि ती पुसली तरी जाईना. निळा गोफ राखेचा झाला. फक्त डोळा लाल राहिला.

काळूरामला बोलावलं. तो अंगणात उभा राहिला, नेहमीच्याच जागी. ओटीवर येसूबाई आणि आणखी तीन बायका. छाया मेढीला धरून, आता न फिरता.

"हे काय रं काळू? वर्स नाय झालं आन राघूचा बगळा झाला."

त्यानं कोयरी हातात घेतली, तिरकी धरून बघितली. "वयनी, आंबट लावलं काय हिला?"

"मंग? तांबं कशानं घासत्यात? आमच्या सासवा काय खुळ्या व्हत्या? खरा रंग चिंचंनं जातो काय?"

"मी..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय मी? सांगितलं व्हतंस? कुनाला सांगितलंस, नाव घे. आत्ता सोलून काढते."

काळूरामनं मेढीकडं बघितलं. छाया स्वतःच्या पायांकडं बघत होती. ओटीच्या मातीत तिच्या अंगठ्यानं एक खळगा पडला होता, तो ती आणखी खोल करत होती.

"नाय," तो म्हणाला. "भाजनीच कच्ची ऱ्हायली असंल माजी."

आणि त्यानं कोयरी होती तिथं ठेवली.

गावात गोष्ट गेली ती तेवढीच: भाजणी कच्ची. आणखी दोन-तीन गावच्या बायकांनी तशाच कोयऱ्या सांगून ठेवल्या होत्या, त्यांनी निरोप धाडला की राहू दे. आणि कुणीतरी, कुणी ते कधीच कळलं नाही, ओवी जुळवली:

*काळूच्या गं भट्टीत राघू भाजला कच्चा*
*चार लग्नं नाय झाली, झाला बगळ्याचा बच्चा*

ती फार चालली. नांदगुळ्यातून खालापुरापर्यंत, पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत ती मांडवांतून पोचली. जिथं कोयरी कुणी पाहिली नव्हती तिथंही बायका ती म्हणून हसायच्या. छायाचा गळा चांगला होता. तिला ती म्हणायला पुढे बसवायचे. ती म्हणायची.

काळूरामनं भट्टी मोडली. तिच्या विटांचं त्यानं न्हाणीघर बांधलं. मग मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत लागला, पिंपं उचलायला.

छाया लग्न होऊन खालापुराकडं गेली. पंचविशीत, कडेवर भाविका असताना, मोहोपाड्याच्या स्टँडवर तो तिला एकदा भेटला. कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. त्यानंच ओळखलं. "येसूबाईंची ना गं तू? बरी हायस?"

"बरी," ती म्हणाली.

"लेक का?"

"हो."

एसटी आली. ती चढली. खिडकीतून तिनं बघितलं तर तो पोरीला टाटा करत होता. पोरीनं केला, तिनं नाही.

*

जानेवारीत भाविकाचं लग्न ठरलं. ती कर्जतला बँकेत होती. मामाकडं केळवणाला गेली आणि मामी, विमलबाई, माळ्यावरचं डबडं खाली काढत होती, त्यातून कोयरी बाहेर आली.

"ही मोडीत देनार व्हते," विमलबाई म्हणाली. "तुझ्या आजीची. बगळ्याची कोयरी."

"मामी, वेडी आहेस का? व्हिंटेज आहे ही." भाविका ती घेऊनच आली. तिनं मोबाईलवर शोधलं. नेरळमध्ये एक बाई मीनाकाम करतात, जुनं दुरुस्त करून देतात, असं सापडलं. तिनं आईपुढं फोन धरला. पडद्यावर दोन हात एका झुमक्यात ब्रशनं रंग भरत होते. मागं खुर्चीत एक म्हातारा बसलेला, चेहरा अर्धा कापला गेलेला. खाली ओळ होती: काम बाबांकडून शिकले.

छाया बराच वेळ फोनकडं बघत होती.

"आई, फोन दे. मी रविवारी जाऊन येते."

"मी पण येते," छाया म्हणाली.

"स्कूटीवर? मागच्या वेळी कडावपर्यंत आलीस तर आठवडाभर कंबर धरून बसली होतीस."

"येते म्हटलं ना."

रविवारी त्या निघाल्या. भात निघालेल्या शेतांत वाल हिरवागार पसरला होता. मध्येमध्ये नव्या इमारतींचे फलक, गच्चीवर पोहण्याचा तलाव दाखवणारे. भाविका हेल्मेटमधून काहीतरी बोलत होती, छायाला अर्धं ऐकू येत होतं. कोयरी तिच्या मांडीवर होती, टॉवेलात. ती मनात वाक्य जुळवत होती. जातं थांबलं की ओवी थांबते म्हणतात. तिचं उलटं होत होतं, वळणावर स्कूटी हळू झाली की वाक्य पुढं सरकायचं आणि वेग आला की विस्कटायचं. नेरळ येईपर्यंत ते पुरं झालं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार पौर्णिमानं उघडलं. चाळिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोटांना निळं लागलेलं. हॉलमध्येच कामाचं टेबल, त्यावर ओव्हनएवढी विजेची भट्टी, काचेच्या बाटल्यांत रंगांच्या पुडी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली खुर्चीत म्हातारा.

"या, बसा. चहा घेणार? नको म्हणू नका, मला हवाय आणि एकटीसाठी मी करत नाही."

"कुठनं आलात?" खुर्चीतून विचारणा झाली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची पांढुरकी साय होती. छायाला ती साय ओळखीची वाटली.

"नांदगुळं. म्हणजे माझं आजोळ," भाविका म्हणाली.

"नांदगुळं? कुनाचं घर?"

भाविकानं आईकडं बघितलं. आई कोयरीवरचा टॉवेल नीट करत होती, म्हणून तीच म्हणाली, "येसूबाई माझी आजी."

म्हातारा जरा पुढं झुकला. "मंग ह्या छायाबाय असतील."

"मी छाया," ती म्हणाली.

"बरी हायस?"

"बरी आहे."

"तुमची ओळख आहे?" पौर्णिमा चहाचे कप घेऊन आली. "बाबा, तुम्ही नांदगुळ्याचं नाव काढत नाही कधी, आणि पाहुणे घरी येतात तर नावानिशी ओळखता. दाखवा हो, काय आणलंय."

भाविकानं टॉवेल सोडला. पौर्णिमानं कोयरी उचलली, उलटी केली, बुडाकडं बघितलं. बुडावर टाचणीच्या टोकाएवढी एक खूण होती, भाताच्या लोंबीसारखी. ती खूण बघून ती बसलीच.

"बाबा. तुमची लोंबी हाय हिच्यावर."

"आन बघू."

त्यानं ती दोन्ही हातांत घेतली. डोळ्यांनी बघायचा प्रयत्नही केला नाही. अंगठा पंखांवरून फिरवला, मानेपासून शेपटीकडं, राघूला थोपटावं तसा. मग म्हणाला, "तीच."

"ही ती कच्ची भाजणी?" पौर्णिमानं छायाकडं बघितलं आणि हसली. "ताई, ह्या कोयरीनं मला किती छळलंय तुम्हाला ठाऊक नाही. मी शिकायला लागले तेव्हा बाबा रोज तेच. माझी भाजणी कच्ची राहिली, तू ठेवू नको. म्हणून मी हिरव्याला अजून एक आच जास्त देते. त्यापायी दहातला एक दागिना काळा पडतो, फेकावा लागतो. पडू दे म्हणते. बगळा होण्यापेक्षा बरा."

"बगळा?" भाविका म्हणाली. "मामी पण म्हणाली बगळ्याची कोयरी. आणि आई, ते तू म्हणायचीस ना गाणं? राघू भाजला कच्चा?"

छायानं कप खाली ठेवला. कपाची कड बशीला लागून वाजली.

"म्हणा ना, मी पूर्ण ऐकलं नाही कधी," पौर्णिमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. जुनी जखम भरून तिची गंमत झालेली असते, तसं ते होतं. "आमच्या वस्तीत लहानपणी पोरं मला चिडवायची. बगळ्याची बच्ची."

"पौर्णिमे, काम बघ," म्हातारा म्हणाला.

तिनं चष्मा खाली ओढला, डोळ्याला भिंग लावलं, दिवा जवळ घेतला. भट्टीचा काटा टकटक करत होता. पौर्णिमानं एक बारीक दाभण तापवलं आणि राघूच्या डोळ्याभोवती फिरवलं. कोंदणाखालची लाख मऊ झाली. खडा चिमट्यानं अलगद उचलला, कोंदणाची कड मागं दुमडली, लाख खरवडून काढली.

"हे बघा," ती म्हणाली. मग स्वतःच बघत राहिली.

"काय दिसतंय?" भाविकानं विचारलं.

"हिरवं."

कडेखाली, लाखेनं झाकलेल्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा पट्टा होता. कोवळा, ओला वाटावा असा, तळाशी तांबं चमकणारा. पौर्णिमानं दाभणाचं टोक त्यावर घासलं, मग शेजारच्या पांढुरक्या भागावर. हिरव्यावरून टोक घसरलं. पांढुरक्यात रुतलं, थोडी पूड निघाली.

"बाबा, कच्ची असती तर इथंपण पिठूळ निघाली असती. एकाच आचेत भाजलंय सगळं. ही पक्की होती. माझ्यापेक्षा पक्की." तिनं भिंग काढलं. "हे वरनं खाल्लंय. आंबटानं. कुणीतरी भिजवून ठेवली होती."

"असंल," म्हातारा म्हणाला.

"असंल काय? वीस वर्षं मी जास्तीची आच देतेय!" तिला हसू येत होतं आणि ते पुरतं येत नव्हतं. "तांब्याचं काम, खेड्यात चाललंय, तिथं घरोघर चिंच. मला तर पहिल्या दिवशी शिकवलंत, वस्तू हातात देताना आधी आंबटाचं सांगायचं, मग बाकीचं बोलायचं. आणि तुम्हीच सांगितलं नव्हतं?"

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. जिथून मघाशी कप वाजला होता तिकडं त्याचे पांढरे डोळे वळले आणि तिथं थांबले. अंगणातून त्यानं मेढीकडं बघितलं होतं, तेवढाच वेळ.

"नसंल सांगितलं," तो म्हणाला. "घाई व्हती तवा. ऱ्हायलं असंल माज्याकडनं."

"धन्य आहे. म्हणजे चूक शेवटी तुमचीच."

"माजीच की."

पौर्णिमानं मान हलवली आणि भाविकाला काही सांगू लागली. जुना मीना उतरवावा लागेल, खोदकाम शाबूत आहे, लग्नाला किती दिवस आहेत. भाविका तारखा सांगत होती. छायाच्या पायात चप्पल नव्हती, दारात काढलेली होती. तिच्या लक्षात आलं की उजव्या पायाचा अंगठा फरशीवर एकाच जागी घासतो आहे. फरशीला काही होत नव्हतं.

तिनं पाय उचलून घेतला.

"सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली.

पौर्णिमा थांबली. "काय?"

"अंगणात उभं राहून सांगितलं होतं. चिंच नाय, लिंबू नाय, आमसूल नाय. कोमट पाणी आणि मऊ फडकं." स्कूटीवर जुळवलेलं वाक्य तिला सापडेना, म्हणून आलं तसं ती बोलत गेली. "आई शेतावर होती. मला सांगितलं होतं. मी हो म्हटलं. मग आईनं ती चिंचेत घातली तेव्हा मी तिथंच उभी होते, परातीजवळ. मला आठवत होतं. मी आईला सांगितलं नाय."